बाकावरचे गुण

१

रविवारी दुपारी तीन वाजले की रेयो कोणाचाच नसे. बायकोचा नाही, आणि आठवडाभर ज्या पाणीखात्यात राबायचा त्या खात्याचाही नाही. दोन वाजता कॉफी, कॉफीबरोबर वेलदोड्याचा एक बन, मग बुटांच्या खोलीला लागून असलेल्या आपल्या लहानशा खोलीत जाऊन तो संगणक सुरू करी आणि कानांवर हेडफोन चढवी. तीन ते सात. बावन्न वर्षांचा माणूस, पण या चार तासांत त्याला हाक मारायची सोय नव्हती.

संगणकावरच्या त्या लढाईच्या खेळातली टोळी त्याची. म्हणजे लढाईत पुढे असे तो तुर्कू शहरातला किम्मो, पण गुणांची वाटणी रेयोच्या हातात. खेळात राक्षस मेला की एखादी चांगली वस्तू पडते. वस्तू एक, आणि आत लढायला पंचवीस जण. मग भांडणं नकोत म्हणून गुण. वेळेवर आलात, दहा. राक्षस मेला, वीस. सात वाजेपर्यंत टिकलात, आणखी दहा. वस्तू पडली की ज्याने जास्त गुण लावले त्याची ती वस्तू, आणि लावलेले गुण वजा. बाकीच्या टोळ्या यावरून फुटल्या. रेयोची टोळी नऊ वर्षं टिकली होती, आणि ती आपल्या शिस्तीमुळे टिकली असं त्याचं ठाम मत होतं. गुणांच्या तक्त्यात खेळातली टोपणनावं नकोत, खरी नावं हवीत, हासुद्धा त्याचाच हट्ट.

एकंदर बारा नियम होते, बाराही त्याने केलेले. त्यातले तीन बाकाचे. आत पंचवीसच मावत, म्हणून उरलेल्यांना बाहेर थांबावं लागे. थांबायचं म्हणजे आपापल्या घरी, संगणकासमोर, 'तयार'ची हिरवी खूण लावून. आतला कोणी गळला की रेयो बाकावरच्याला बोलावी. हे बोलावणं फक्त त्याचं काम, किम्मोचंही नाही. बाकावर बसणाऱ्याला आतल्याइतकेच गुण. मात्र मधेच उठला तर त्या दिवसाचे सगळे गुण गेले.

बारावा नियम नुसता शोभेचा होता. बाकावरच्या कोणी आपले होते नव्हते ते सगळे गुण लावले आणि ते आतल्या माणसाच्या गुणांहून जास्त भरले, तर त्याला त्या माणसाची जागा मिळेल, आणि आतल्याने मुकाट्याने बाकावर जायचं. नऊ वर्षांत कोणी तो वापरला नव्हता. सगळी पुंजी एका जागेसाठी कोण उधळतो?

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी रेयोने तक्त्याच्या तळाशी एक नवा रकाना घातला: आज वाटलेले एकूण गुण. आत पंचवीस, बाकावर तीन, प्रत्येकी ऐंशी. दोन हजार दोनशे चाळीस यायला हवे होते. आले दोन हजार तीनशे वीस.

एका माणसाचे गुण जास्त होते.

त्याने नावं दोनदा मोजली. मग त्याला आठवलं की बाकाचं पान वेगळं असतं. टोळीतून एखादं नाव काढलं तरी त्या पानावरून ते हाताने खोडावं लागतं. त्याने ते पान उघडलं. तिघांच्या खाली चौथं नाव होतं. औलिक्की. हजर. आल्याची वेळ, दोन अठ्ठावन्न. शिल्लक, चार हजार तीनशे वीस.

औलिक्की तीन वाजायला दोन मिनिटं कमी असतानाच यायची, ते खरं. पण तिला जाऊन वर्ष झालं होतं.

२

औलिक्की एकसष्ट वर्षांची होती. कूसामो गावात एकटी राहायची, वाचनालयातून निवृत्त झालेली. टोळीत सगळे तिला आजीबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं. खेळात ती इतरांच्या जखमा भरून काढायची, आणि लढाईत कोणी वेंधळेपणा केला तर म्हणायची, "मरा तुम्ही खुशाल, मी आहे उठवायला."

गेल्या वर्षी एका रविवारी पांढरी ढाल पडण्याची शक्यता होती. टोळी तिच्यामागे आठ महिने होती, आणि रेयोला ती ढाल कोणत्याही परिस्थितीत हवी होती. त्याच्यापाशी सहाशे दहा गुण होते, औलिक्कीपाशी सहाशे चाळीस. वस्तूवर गुण आत असेल त्यालाच लावता येतात. रेयोने तिला बाकावर बसवलं. त्या दिवशी सुट्टीच दिली असती तरी चाललं असतं, पण जखमा भरणारं माणूस हाताशी असलेलं बरं. म्हणजे बाई हवी होती, बाईची बोली नको होती.

पाच वीसला तिचा खाजगी निरोप आला: "रेयो, छातीत जडजड वाटतंय. उठू का आज?"

त्याने लिहिलं: "उठलीस तर आजचे सगळे गुण जातील. थांब. बोलावतो."

"बरं. थांबते."

साडेसहाला आणखी एक निरोप आला: "बोलावणार आहेस ना?"

तेव्हा राक्षस शेवटच्या घटका मोजत होता. मग ढाल पडली, रेयोला मिळाली, सगळ्यांनी कल्ला केला. तो आनंदात उठून सॉनाला, वाफेचं स्नान घ्यायला गेला. औलिक्कीची हिरवी खूण तशीच होती. सोमवारी होती. मंगळवारी दुपारी तिची भाची हेन्ना आली, दार उघडून आत गेली आणि तिने संगणक बंद केला, तेव्हा ती खूण विझली. बाई खुर्चीतच होती, हेडफोन कानांवर.

रेयोने ते निरोप पुसून टाकले. किम्मोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं ती गेली असेल झोपायला." आणि मग त्याने स्वतःची समजूत काढली. छातीत दुखत होतं तर दवाखान्यात जायचं, परवानगी कसली मागायची? मी काय डॉक्टर आहे? वर्षभर हे त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते त्याला खरं वाटू लागलं होतं.

आता त्या चौथ्या नावाकडे बघून त्याला हायसंच वाटलं. खोडायचं राहून गेलं होतं, बस. खूण आपोआप पुढे सरकत राहिली असणार. दोन अठ्ठावन्नचं काय, ते त्याने मनावर घेतलं नाही. नाव खोडलं, पान जपून ठेवलं.

संगणक बंद करताना बुटांच्या खोलीतून बाक करकरल्याचा आवाज आला. बूट काढायला बसण्याचं ते साधं पाइन लाकडाचं बाक होतं, सासऱ्याने केलेलं, आणि कोणी बसलं की ते करकरायचंच.

"आलीस?" त्याने विचारलं.

"मी कुठे गेले होते?" वरच्या मजल्यावरून त्याची बायको तुईया म्हणाली.

३

पुढच्या रविवारी नाव पुन्हा होतं. हजर, दोन अठ्ठावन्न. चार हजार चारशे.

रेयो शिकलेला माणूस होता. पाण्याला वास आला तर नळी शोधायची, आणि नळी सापडतेच. कोणाकडे तरी औलिक्कीचा परवलीचा शब्द असणार. भाचीकडे असेल. किंवा टोळीतल्याच एखाद्या टवाळाला सुचलं असेल. त्याने सगळे परवलीचे शब्द बदलले, तक्त्याला आपल्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही अशी व्यवस्था केली, आणि नाव खोडलं.

त्याच संध्याकाळी तुईया बुटांच्या खोलीतून ओरडली, "रेयो, तुला लाज आहे का? बाहेरचे बूट घालून बाकावर बसलास आणि बर्फ इथेच वितळू दिलास."

तो बाहेर आला. बाकासमोर फरशीवर पाण्याची दोन थारोळी होती, शेजारी शेजारी. दोन पावलं जुळवून कोणी बराच वेळ बसावं तशी.

"मी आज बाहेरच गेलो नाही."

"मग मी गेले असेन," तुईया म्हणाली. "सात वाजेपर्यंत तुझं राज्य चालतं, तोवर मीच काय ती सगळीकडे हिंडते." तिने फडकं त्याच्या हातात दिलं.

पाणी पुसताना ते फार गार लागलं. त्याने दाराची कडी बघितली. कडी आतून होती. दारापासून बाकापर्यंत फरशी कोरडी होती. भिजलेलं होतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी त्याने बाक उचललं आणि मागच्या लाकडांच्या कोठीत नेऊन टाकलं. बाहेर उणे अठरा होतं. कारण विचारलं तर पाय डगमगतोय म्हणून सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं.

तुईयाने कारण विचारलंच नाही. गुरुवारी तो घरी आला तर बाक जागेवर होतं.

"बूट काढायला बसू कुठे, तुझ्या डोक्यावर?" ती म्हणाली. मग जरा थांबून, भांडी लावत, "कोठीत दिवा लावून बसला होतास का रे तू?"

"नाही. का?"

"बाक ऊबदार होतं. म्हणजे बसायची फळी. हात लावला तर कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी." तिने खांदे उडवले. "ऊन पडलं असेल."

कोठीला खिडकी नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

४

तिसऱ्या रविवारी पहिला राक्षस मेला आणि एक अंगठी पडली. फारशी कोणाला नको होती. किम्मोने बोली पुकारली आणि मधेच गप्प झाला.

"रेयो," तो म्हणाला, "हा विनोद असेल तर फार घाणेरडा आहे."

"कुठला विनोद?"

"बोलीच्या यादीकडे बघ."

यादीत सर्वांत वर औलिक्कीचं नाव होतं. बोलीचा आकडा शून्य. शेजारी शिल्लक, चार हजार चारशे तीस. तिने काही मागितलं नव्हतं. नुसती आपली पुंजी दाखवून ठेवली होती.

कोणीतरी खोकलं. किम्मोने सगळ्यांना दहा मिनिटांची सुट्टी दिली आणि रेयोला वेगळं घेतलं.

"तुला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "हेन्नाने मला नाताळात पत्र पाठवलं होतं. तिच्या मावशीने त्या संध्याकाळी शेजारणीला फोन केला होता, छातीत दुखतंय म्हणून. शेजारीण म्हणाली, मी गाडी काढते. तर आजीबाई म्हणाल्या, नको, मला बसून राहायला सांगितलंय, सात वाजता जाऊ. सातनंतर शेजारणीने दार वाजवलं, तर उत्तर नाही. तिला वाटलं, झोप लागली असेल."

रेयोने पाणी पिण्यासाठी ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता.

"कोणी सांगितलं असेल तिला?" किम्मोने विचारलं. "बाकाचं सगळं तू बघायचास, म्हणून विचारतो. तू काही बोलला होतास?"

इथे त्याला सुटता आलं असतं. किम्मो रागावला असता, टोळीतून काढलं असतं, तक्ता गेला असता, ढाल गेली असती. त्याहून जास्त काय जाणार होतं? पण नऊ वर्षांची शिस्त, सगळ्यांत सचोटीचा माणूस ही ओळख, ती एका निरोपापायी घालवणं त्याच्या जिवावर आलं. पांढरपेशा माणसाला पापापेक्षा बोभाट्याचीच भीती जास्त.

"नाही बाबा," तो म्हणाला. "माझं तिच्याशी त्या दिवशी बोलणंच झालं नाही."

हेडफोनमध्ये कोणीतरी हळूच श्वास सोडला. किम्मोने नव्हे, तो तेव्हा पुढचं बोलू लागला होता.

"हेन्नाने शेवटी काय लिहिलं होतं सांगू? 'ज्याने तिला बसवून ठेवलं त्याला देव शिक्षा करो वगैरे मी म्हणणार नाही. फक्त त्यालाही एकदा तसंच बसायला लागू दे.' तेवढंच." किम्मो जरा हसला, ओशाळं हसू. "जाऊ दे. ते नाव तेवढं काढ."

"काढतो," रेयो म्हणाला.

त्याने नाव खोडलं नाही. खोडून उपयोग नाही हे आता त्याला कळत होतं. खोलीचं दार मात्र त्याने उठून लावून घेतलं. पलीकडे बाक करकरलं, कोणी बसल्या बसल्या जरा सावरून बसावं तसं.

५

चौथ्या रविवारी तुईया सकाळीच बहिणीकडे निघाली. "मंगळवारी येते," ती म्हणाली. "सूप फ्रिजमध्ये आहे. आणि माणसासारखा जरा बाहेर फिरून ये, तोंड बघ कसं झालंय."

बसू नये, असं त्याला वाटत होतं. पण तीन वाजले आणि तो बसला. नाही बसला तर किम्मो विचारील, आणि विचारलं की पुन्हा खोटं बोलावं लागेल. शिवाय दिवसाउजेडी काय होतंय, असंही त्याला वाटलं. खोलीचं दार तेवढं त्याने बोटभर उघडं ठेवलं. बंद दारापलीकडे काय आहे हे ऐकत बसण्यापेक्षा ते बरं.

पहिला राक्षस मेला. दुसरा मेला. बुटांच्या खोलीत काही नव्हतं. तो जरा सैलावला.

पाच वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर एक ओळ आली. त्याच्याच तक्त्याची, त्यानेच ठरवलेल्या शब्दांत.

बारावा नियम. औलिक्की. बाकावरून. सगळे गुण. जागा: रेयो.

तो काही करण्याआधीच त्याचा लढवय्या गुहेबाहेर फेकला गेला आणि ढाल पाठीवर घेऊन बर्फात उभा राहिला. आत पंचवीसच्या पंचवीस होते.

"रेयो, बाहेर का पडलास?" किम्मोचा आवाज. मग तोच आवाज, पण वेगळ्याच सुरात, जुन्या माणसाला बघून निघावा तसा, "अरे—"

रेयोने हेडफोन उपसून काढले.

पलीकडे बाक करकरलं. या वेळी बसल्याचं नाही, उठल्याचं. दोन्हीतला फरक त्याला लग्नापासून ठाऊक होता. दाराच्या फटीतून त्याला दिसलं ते इतकंच: करड्या लोकरीचे मोजे, घोट्यापर्यंत ओले; घरात घालायच्या झग्याची कड; आणि गुडघ्यापाशी लोंबणारी हेडफोनची वायर. वायरीचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. मग फट रिकामी झाली.

डोळ्यांवर ताण आहे, तो स्वतःला म्हणाला. तीन रविवार धड झोप नाही. एकदा बाहेर जाऊन बघायचं, कोणी नाही हे डोळ्यांनी बघायचं, की झालं. तो उठला आणि बाहेर गेला.

बुटांच्या खोलीत कोणी नव्हतं. तुईयाचे बूट, त्याचे बूट, भिंतीवर कोट. बाहेर अंधारत चाललं होतं. त्याने बाकाच्या फळीवर हात ठेवला. ऊबदार होती. तो तिथेच टेकला, फक्त श्वास घेण्यापुरता.

त्याच्या मागे खोलीचं दार लागलं. आपटलं नाही, कोणी समजूतदारपणे लावून घ्यावं तसं लागलं. आत खुर्चीची चाकं फरशीवरून सरकली आणि कळफलकाच्या कळा वाजू लागल्या. हलक्या, जलद बोटांच्या, सवयीच्या.

बाहेरचं दार तीन पावलांवर होतं. शेजारी हान्नू घरात होता, त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. रेयोने उठायचं ठरवलं आणि त्याच्या छातीवर जडपणा येऊन बसला, मोठ्या माणसाच्या हाताएवढा. खिशात फोन होता. तो काढता आला. मदतीचा नंबर तीन आकड्यांचा, पोरंटोरंही लावतात. पण त्याची बोटं तिकडे गेलीच नाहीत. ती लिहीत होती, आणि काय लिहितायत ते त्याला लिहून झाल्यावर दिसलं.

"छातीत जडजड वाटतंय. उठू का आज?"

आतल्या कळा थांबल्या. पुन्हा वाजल्या. फोन त्याच्या हातात थरथरला.

"उठलास तर आजचे सगळे गुण जातील. थांब. बोलावते."

आत उपसून टाकलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होते. तिसरा राक्षस जोरात होता. कोणीतरी मेलं असावं, कारण कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात एक म्हातारा, खुशीतला आवाज होता, "मरा तुम्ही खुशाल."

तेव्हा रेयो बोलला. मोठ्याने, बंद दाराकडे तोंड करून, वर्षभर गिळलेलं सगळं. "मी थांबवलं तुला. ढालीसाठी थांबवलं. मला माहीत होतं तुला दुखतंय. मी निरोप वाचला होता, दोन्ही वाचले होते. औलिक्की, मी सांगतो किम्मोला. आत्ता सांगतो."

कळा पुन्हा थांबल्या. तिने सगळं ऐकून घेतलं हे त्याला कळलं. ऐकायला लागला मोजून तेवढाच वेळ ती थांबली, आणि मग पुन्हा कळा वाजवू लागली.

त्याने पावलं जुळवून घेतली. हात गुडघ्यांवर ठेवले, असं बसलं की छातीला जरा बरं वाटत होतं. भिंतीवर घड्याळ होतं. सहा झाले. साडेसहा झाले, आणि त्याच्या बोटांनी लिहिलं, "बोलावणार आहेस ना?" त्याला उत्तर आलं नाही. सात वाजेपर्यंत काढायचं, तो स्वतःला म्हणाला. सात वाजता बाकावरचे सगळे उठतात. नियमच आहे.

सात वाजले. हेडफोनमधले निरोपाचे आवाज एकेक करून विझले. किम्मो सर्वांत शेवटी गेला. आतल्या कळा मात्र चालूच होत्या, आता सावकाश, तक्ता भरताना वाजाव्यात तशा. रेयोला कोणत्या ओळीत काय चाललंय ते आवाजावरून कळत होतं, ते काम त्याने नऊ वर्षं केलं होतं. वेळेवर हजर, दहा. तीन राक्षस, साठ. शेवटपर्यंत थांबला, दहा. बाकाच्या पानावर एक नाव. शेजारी हिरवी खूण.

गुण अगदी बरोबर दिले जात होते. त्याची काहीच तक्रार नव्हती. आता कोणी हाक मारायचीच तेवढी बाकी होती, आणि शेजारच्या हान्नूच्या स्वयंपाकघरातला दिवा विझत असताना त्याला आठवलं की बाकावरून आत बोलावायचं काम टोळीत एकट्या त्याचंच होतं.